संपतरावांच्या नाकाचा व्यायाम

खोडदच्या संपतरावांचं नाक पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. दिसायला ते साधंच, जरासं बसकं. पण दूध नासायच्या बेताला आलं की ते आधी संपतरावांना कळायचं आणि मग दुधाला. लग्नाच्या आचाऱ्यानं शिऱ्यात तूप कसलं घातलंय हे ते मांडवाच्या दारातूनच सांगायचे. कांद्याच्या चाळीत कुठे सड लागली तर चाळीला एक फेरी मारून नेमक्या जागी बोट ठेवायचे, आणि तिथे उकरलं की नासका कांदा निघायचा. गावात कुणी नवा मसाला दळून आणला, तेलाचा डबा फोडला, की आधी संपतरावांच्या ओसरीवर यायचं. संपतराव डोळे अर्धवट मिटून हुंगायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर अपील नसायचं.

हे नाक ज्या घरात राहत होतं, त्या घरातला स्वयंपाक कुशाबाईला करावा लागत होता.

लग्न होऊन ती घोडेगावाकडून इकडे आली तेव्हा तिला वाटलं होतं, नवरा जेवणाआधी ताटाला नमस्कार करतो. नंतर कळलं की तो वास घेतो. मान खाली, एक लांब श्वास, मग एक वाक्य. जिरं कुबट आहे. भाकरीला धूर लागलाय. हे भांडं काल मासळीला वापरलं होतं. आवाज चढवायचे नाहीत, ताट सरकवायचे नाहीत, सगळं जेवायचे. पण ते एक वाक्य बोलल्याशिवाय पहिला घास तोंडात जायचा नाही. कुशाबाईनं मुलं वाढवली, सून आणली, केस पिकवले. त्या सगळ्या वर्षांत वाक्याशिवायचं जेवण तिला आठवत नव्हतं.

मग कोरोनाचं दुसरं वर्ष आलं. संपतराव आजारी पडले, दवाखान्यात राहिले, ऑक्सिजनवर राहिले, आणि एक दिवस निम्मे होऊन घरी आले. कुशाबाईनं त्यांना मऊ भात आणि मुगाचं वरण वाढलं. त्यांनी मान वाकवली, श्वास घेतला आणि जेवायला लागले. ती वाक्याची वाट बघत उभी राहिली. वाक्य आलं नाही. तिला वाटलं, अशक्तपणा आहे. पण दुसऱ्या दिवशीही आलं नाही, पुढच्या महिन्यातही नाही, पुढच्या वर्षीही नाही. अंगात ताकद आली, संपतराव पुन्हा शेतावर जायला लागले, माणसांवर ओरडायला लागले, पण ताटापुढे बसले की गप्प.

कुशाबाईनं याचा अर्थ आपल्या परीनं लावला. माणूस मरणाच्या दारातून परत आला आणि शहाणा झाला. घोडेगावच्या थोरल्या बहिणीला, गोजरबाईला, तिनं फोनवर हे सविस्तर सांगितलं. आता आमचे हे काही म्हणत नाहीत, निमूट जेवतात, आवडीनं जेवतात. गोजरबाईचा नवरा जेवताना अजून बोलायचा, त्यामुळे तिनं विषय बदलला. कुशाबाईला स्वयंपाकाचा हुरूप आला. टीव्हीवर बघून तिनं पालकात मक्याचे दाणे घातले. तेही संपतरावांनी खाल्लं.

झोपेचं मात्र बिनसलं. दवाखान्यातून ते घरी आल्यापासून तिला सवय लागली होती, मधेच जाग यायची आणि ती त्यांचा श्वास चाललाय का ते ऐकत पडायची. ते धडधाकट झाले, घोरायला लागले, तरी सवय गेली नाही. दिवसा डोकं जड. एकदा भाकरी थापता थापता तिचा डोळा लागला आणि हात तव्याला लागला. तेव्हा सून हर्षाली म्हणाली की आई, आपण यशोधराताईकडे जाऊ.

यशोधरा गावचीच. तिचे वडील चांगदेव गावापलीकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रावर नोकरीला होते, आता रिटायर झाले. पोरगी पुण्यात शिकली, एका मोठ्या हॉटेलात तेलमालिशीच्या विभागात राहिली, सुगंधी तेलांचा कोर्स केला आणि नारायणगावात एका मेडिकलच्या वरच्या दोन खोल्या घेऊन बसली. बाहेर पाटी लावली, ‘सुगंधोपचार केंद्र’. पहिले काही आठवडे लोक अगरबत्ती मागायला आले. एक जण मालिश कसली करता असं जिन्यातून विचारत वर आला. यशोधरानं त्याला तिथे येऊन बसणाऱ्या आपल्या वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि काय दुखतंय ते विचारलं. तो चढला त्यापेक्षा लवकर उतरला. नंतर मात्र बायका यायला लागल्या, मग मानेनं बेजार झालेले जीपवाले, मग द्राक्षवाल्यांच्या घरची माणसं.

कुशाबाईला तिनं डॉक्टरपेक्षा जास्त प्रश्न विचारले. झोप कधी मोडते, मोडल्यावर मनात काय येतं. कुशाबाई म्हणाली, काही येत नाही, फक्त ऐकते. काय ऐकता, असं विचारल्यावर तिनं खरं ते सांगितलं. यशोधरानं मान डोलावली आणि कागदाच्या पट्ट्यांवर एकेक थेंब टाकून तिच्यापुढे धरला. एक वास धुतल्या कपड्यांसारखा होता, एक ओल्या मातीसारखा, एक संत्र्याच्या सालीचा. चौथ्याला कुशाबाईनं पट्टी तिच्या हातातून घेतली आणि परत दिली नाही.

“हा गुलाब,” यशोधरा म्हणाली. “पोतंभर पाकळ्यांची वाफ धरली तरी चमचाभर तेल निघत नाही, म्हणून बाटली एवढीशी. उशीखाली कापसावर एक थेंब. अंगाला तसंच लावू नका, लावायचं तर तिळाच्या तेलात कालवून. आणि मावशी, हे औषध नाही. मन शांत व्हायला मदत होते, कुणाला जास्त, कुणाला कमी. झोप आली तर चांगलंच, नाही आली तर डॉक्टरकडे जायचं.”

कुशाबाईला ती पोरगी आवडली. एवढ्या खर्चाची वस्तू देऊन वर काही खात्री देत नाही असा दुकानदार तिनं पहिल्यांदाच बघितला.

आता प्रश्न नाकाचा होता. घरात गुलाबाचं तेल आणायचं आणि ते संपतरावांना कळणार नाही, हे होणं नव्हतं. ज्या माणसानं एकदा गोधडी बकरीजवळ वाळत घातली म्हणून धुवायला लावली होती, त्याच्या शेजारी ती उशीखाली कापूस घालून पडणार होती. पहिल्या दिवशी तिनं नखाएवढाच कापूस घेतला. सकाळी ते उठले, चूळ भरली, चहा प्यायले, शेतावर गेले. काही बोलले नाहीत. कुशाबाईला भरून आलं. कळलं असणारच, पण बायकोला झोप लागावी म्हणून चालवून घेतलं, असं तिनं धरलं. पुढे पुढे ती कापूस मोठा घ्यायला लागली. झोप खरंच लागत होती. जाग आली तरी गुलाबाचा वास असायचा, शेजारी घोरणं असायचं, आणि दोन्हींमध्ये ती पुन्हा कधी झोपली ते कळायचं नाही.

बाटली ती कपाटात कपड्यांच्या वर ठेवायची. एकदा तिनं झाकण घाईत लावलं आणि त्याचे आटे वाकडे बसले. बंद कपाटात बाटली कलंडली आणि होतं नव्हतं तेवढं तेल संपतरावांच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या थप्पीत मुरलं.

दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बाजार होता. संपतरावांना गाय घ्यायची होती. कुशाबाई गोठ्यात धार काढत असताना त्यांनी कपाटातला वरचा सदरा काढला, अंगात घातला, शेतावरच्या गड्याला, दादाभाऊला, मोटारसायकलवर मागे बसवलं आणि निघून गेले. कुशाबाई दूध घेऊन घरात आली आणि उंबऱ्यातच थांबली. पूर्ण घर गुलाबाचं झालं होतं. हर्षाली नाकाला पदर लावून बाहेर येत होती. कुशाबाईनं कपाट उघडलं, थप्पी बघितली, वरचा सदरा नाही हे बघितलं, आणि ती पलंगावर बसली.

बाजारात काय झालं ते दादाभाऊनं नंतर सांगितलं, आणि फक्त तिलाच नाही. गाडी संपतराव चालवत होते, त्यामुळे वारं सगळं दादाभाऊच्या तोंडावर. त्याला वाटलं, भाऊ स्वतःहून काहीतरी सांगतील, म्हणून तो विचारायला गेला नाही. बेल्ह्याला उतरल्यावर एका व्यापाऱ्यानं विचारलं, पावणं लग्नातनं आले का लग्नाला निघाले? संपतरावांना वाटलं, पांढऱ्या सदऱ्यावरून बोलतोय. ते हसले. दुसऱ्यानं विचारलं, नवरी कुठली. तिसऱ्यापाशी एक चांगली गाय होती. संपतराव तिच्या दातांना हात लावायला वाकले, तर ती दावं ताणून मागे गेली आणि शिंकली. पुन्हा वाकले, पुन्हा शिंकली. व्यापारी म्हणाला, राव, माझी गाय गरीब आहे, तिला एवढ्या थाटाची सवय नाही. बघ्यांचं कोंडाळं झालं. तेव्हा संपतरावांनी आपली बाही नाकाशी नेली, डोळे अर्धवट मिटले आणि बराच वेळ हुंगली. सगळे निकालाची वाट बघत होते. त्यांनी बाही खाली केली आणि दादाभाऊला म्हणाले, चल.

घरी आले ते गायीशिवाय. ओसरीवर बसले आणि कुशाबाईला हाक मारली. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. उत्तर तिनं तयार ठेवलं होतं.

“या सदऱ्याला कसला वास येतोय?” त्यांनी विचारलं.

तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. झोप, यशोधरा, कापूस, बाटली, झाकण. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हंजी गुलाबाचा.”

“हां.”

“लई येतोय का?”

अंगणात कोंबड्यासुद्धा लांबून चालल्या होत्या.

“तुमाला येत न्हाई?”

“न्हाई.”

“कवापासनं?”

“दवाखान्यातनं आलो तवापासनं,” संपतराव म्हणाले आणि तांब्यातलं पाणी प्यायले.

तिला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. तिनं त्यांना चहा करून दिला, त्यात आलं घातलं, मग आलं घालून काय उपयोग असं मनात आलं आणि आणखी वाईट वाटलं. सदरा काढून घेतला, थप्पी भिजत घातली. हे सगळं करताना ती त्यांच्याशी मऊ बोलत होती. भाकरीचं पीठ मळायला बसेपर्यंत ते टिकलं. पीठ मळताना तिचा हात एकदम थांबला. वासच येत नव्हता. म्हणजे वरण आवडीनं खाल्लं नव्हतं. पालक-मका आवडीनं खाल्ला नव्हता. उशीखालचा कापूस चालवून घेतला नव्हता. एवढी वर्षं ती ज्याला शहाणपण समजत होती, ते नुसतं बंद पडलेलं नाक होतं. आणि तिनं गोजरबाईला सांगितलं होतं.

ती बोलायची बंद झाली. मोठ्यानं काही नाही, आपटाआपट नाही. तिसऱ्या दिवशी आमटीत तिनं मीठ घातलं नाही. बघू, हे तरी कळतं का, म्हणून घातलं नाही.

“मीठ ऱ्हायलंय,” संपतराव पहिल्या घासाला म्हणाले.

“ते बरं कळलं,” ती म्हणाली. ती त्यांच्याशी दोन दिवसांत बोललेली पहिली गोष्ट.

मग त्यांनी समजावून सांगितलं, जसं सांगता येईल तसं. खारट, आंबट, गोड, तिखट जिभेला कळतं. बाकीचं नाही. मिरची पोळते, पण ती मिरची आहे की मिरं ते कळत नाही. भाकरी आणि पुठ्ठा यांच्यात फरक फक्त चावायचा.

“मग गप का बसला? मला सांगायचं व्हतं.”

“काय सांगायचं?” ते म्हणाले. “तू म्होरं ताट ठिवायचीस. त्यात काय हाय ते दिसायचं. मागं कसं लागायचं ते मला ठावं हाय. आठवून खायचो.”

कुशाबाईनं हातातल्या पळीनं आमटी ढवळली.

“आठवताना कशी लागायची आमटी?”

संपतरावांनी विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“चांगली,” ते म्हणाले. “खोबरं जरा जास्त भाजल्यालं.”

तिला हसायचं नव्हतं, पण पळी खाली ठेवावी लागली. त्यानंतर तिनं मीठ आणून दिलं.

मग गावाला इतकी वर्षं निकाल कसे देत होता, हेही तिनं विचारून घेतलं. ते म्हणाले, सोपं आहे. तेल आणणारा तोंड पाडून आला तर तेल खराब. हसत आला तर चांगलं. कधी तक्रार आली नाही. हे कुणाला सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत, आणि तिनंही सांगितलं नाही.

यशोधराला मात्र सांगितलं, कारण बाटली का संपली याचा खुलासा करावा लागला. ती हसली नाही. म्हणाली की त्या आजारात पुष्कळांचं असं झालं, बहुतेकांचं परत आलं, काहींचं राहून गेलं. यावर डॉक्टर लोक एक व्यायाम सांगतात, नाकाचा. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, चार तेलांचे वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचे आणि घेताना तो वास कसा असतो ते मनात आठवायचं. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असं तिनं बजावलं. डॉक्टरांनी नाकात बत्ती घालून बघितलं, आत काही अडकलेलं नाही म्हणाले, व्यायाम करा, नुकसान काही नाही, उशीर मात्र पुष्कळ झालाय.

संपतराव सुगंधाच्या दुकानाचा जिना चढायला तयार नव्हते. बेल्ह्याची गोष्ट नारायणगावच्या मार्केटपर्यंत पोचली होती. म्हणून रविवारी यशोधरा वडिलांकडे आली तेव्हा चार बाटल्या घेऊन संपतरावांच्या ओसरीवर येऊन बसली. थंडीचे दिवस होते. तिनं गुलाबाची बाटली उजेडात धरली, तर आत तेल गोठून बारीक काड्या काड्या झाल्या होत्या. संपतरावांच्या चेहऱ्यावर जुना रंग आला.

“भेसळ हाय,” ते म्हणाले.

“काका, भेसळ नसली की असंच गोठतं. मुठीत धरा थोडा वेळ.”

त्यांनी धरली. तेल पातळ झालं. तिनं झाकण काढून बाटली नाकापासून थोडी लांब धरायला सांगितली, सशासारखे लहान लहान श्वास घ्यायला सांगितले.

“काही येतंय?”

“न्हाई.”

“मग आता गुलाब आठवा.”

“कुठला?” संपतरावांनी विचारलं. यशोधरानं कुशाबाईकडे बघितलं.

अशा रीतीनं कुशाबाईच्या गळ्यात हे काम आलं. रोज सकाळी धारा झाल्या की ती ओसरीवर त्यांच्या शेजारी बसायची. ते गुलाबाची बाटली मुठीत धरून बसायचे. लवंग त्यांना आठवायची, लिंबू आठवायचं, निलगिरी सर्दीतली आठवायची. गुलाबच अडून बसायचा, कारण गुलाब त्यांनी कधी लक्ष देऊन हुंगलाच नव्हता. तो खायची वस्तू नव्हती. मग तीच सांगायची. गोड असतो पण साखरेसारखा नाही, मधासारखा. पाठीमागून जरा मिऱ्याचा झोंबरेपणा. खाली कुठेतरी गवत. एवढं सांगायला तिला स्वतःला आधी हुंगावं लागायचं आणि विचार करावा लागायचा. आपल्या लग्नात गुलाबपाणी शिंपडलं होतं ते आठवतं का, असं तिनं विचारलं. त्यांना त्या लग्नातली बुंदी आठवत होती. तळणाचं तेल जुनं होतं.

येणारेजाणारे बघायचे. संपतराव डोळे मिटून बसलेले, बायको कानाशी काहीतरी पुटपुटतेय. भिमाजी नावाचा त्यांचा शेजारी दोनदा चपला काढून हात जोडून गेला. संपतरावांनी कुठला तरी गुरू केला, अशी बातमी गावात झाली. त्यांनी ती खोडली नाही, कारण खरं कारण त्याहून अवघड होतं. मसाले घेऊन येणारे आता आदरानं खालच्या पायरीवर थांबायचे, आणि ध्यान मोडू नये म्हणून बहुतेक जण परत जायचे.

थंडी गेली. द्राक्षं निघाली, टोमॅटो लागले. नाकात काही फरक नव्हता. संपतरावांना व्यायाम बंद करायचा होता. कुशाबाईनं करू दिला नाही. खरं म्हणजे तिला आता ओसरीवरच्या बैठकीची सवय झाली होती. वासांवरून गोष्टी निघायच्या. निलगिरीवरून सासूबाईंचं दुखणं निघालं, लिंबावरून मुलाचं, ऋषीचं, लहानपणी बिया गिळणं. इतक्या वर्षांत ती दोघं कामाशिवायचं एवढं बोलली नव्हती.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी संपतरावांनी गुलाबाची बाटली नाकाशी नेली आणि फेकल्यासारखी लांब केली.

“कोण टायर जाळतंय?”

कुणीही टायर जाळत नव्हतं. त्यांनी पुन्हा बाटली जवळ घेतली आणि तोंड फिरवलं. जळका टायर, त्यात नासका कांदा. कुशाबाईनं त्यांच्या हातून बाटली घेऊन हुंगली. गुलाब होता, रोजचा. तिनं यशोधराला फोन लावला. यशोधरा पलीकडून एवढी खूश झाली की कुशाबाईला आधी वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नसेल. काका बरे होतायत, ती म्हणाली. नाक जागं झालंय, पण तारा उलटसुलट जोडल्या गेल्यात. चालू ठेवा.

पुढचे काही महिने वाईट गेले. चहाला डिझेलचा वास. अंघोळीच्या साबणाला गटाराचा. आणि गुलाबाला टायरचा, दिवसातून दोनदा, व्यायाम म्हणून. संपतराव हे सगळं करारी चेहऱ्यानं घ्यायचे. फक्त एका बाबतीत त्यांनी हार मानली. कुशाबाईनं उशीखालचा कापूस पुन्हा सुरू केला होता, आणि टायर जळत असलेल्या खोलीत त्यांना झोपवेना. त्यांनी तिला कापूस काढायला सांगितलं नाही. आपली गोधडी उचलली आणि ओसरीवर गेले. तिनंही परत बोलावलं नाही. पण आता श्वास ऐकायला कुणी शेजारी नव्हतं, आणि तरी झोप लागत होती. हे तिच्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले. आलं तेव्हा तिला थोडं चुकल्यासारखंही वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही.

लवंग आधी आली. अगदी लवंगेसारखी. मग लिंबू. मग एका दुपारी ते शेतावरून आले, दारात थांबले आणि म्हणाले की आज बाजरीची भाकरी आहे. भाकरी झाकलेली होती. कुशाबाईनं झाकण काढून दाखवलं. ते खाली बसले. मान वाकवली, श्वास घेतला. तिला वाटलं, आता येणार. वाक्य आलं.

“हिला धूर लागलाय.”

“लागलाय,” ती म्हणाली. “लाकडं वली हायेत. उद्यापास्नं चुलीपाशी तुमी बसा, कवा उलटायची ते सांगा.”

हे ती बोलायचं म्हणून बोलली होती. पण ते दुसऱ्या दिवशी खरंच येऊन बसले. चुलीपाशी पाट घेऊन, नाक पुढे काढून. पहिली भाकरी त्यांनी फार लवकर उलटायला लावली, ती कच्ची राहिली. दुसरी उशिरा, ती करपली. तिसरीला त्यांनी काही सांगितलं नाही. कच्ची त्यांनी स्वतः खाल्ली, करपलेली हर्षालीनं गाईला घातली. त्या दिवसापासून वाक्य बंद झालं असं नाही, पण ते बोलायच्या आधी ते तिच्या तोंडाकडे बघून घ्यायला लागले.

गुलाब मात्र सुधारला नाही. दिवाळी झाल्यावर कुशाबाई नवीन बाटली आणायला शेअर जीपनं नारायणगावला गेली. यशोधरानं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, मावशी, गुलाबाऐवजी दुसरं काही देऊ का? वाळा देते, मोगरा देते. काकांना त्रास व्हायचा नाही, आणि व्यायाम तोच. एखादा वास कायमचा वाकडा बसतो कधी कधी.

खाली मेडिकलसमोर जीपवाला आळेफाट्याची सीटं ओरडत होता.

“न्हाई, गुलाबच दे,” कुशाबाई म्हणाली. “लवंग, लिंबू त्यांना म्हाईतच व्हतं, ते त्यांचं त्यांनी आणलं. गुलाब मी सांगितलाय. त्यो यीपर्यंत सांगीन.”

यशोधरानं बाटली बांधून दिली. झाकण तिनं स्वतः घट्ट लावलं आणि वर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता. संपतरावांनी बाटली मुठीत धरली, तेल सुटायची वाट बघितली, मग झाकण काढून सशासारखे श्वास घेतले. कुशाबाई शेजारी बसून सांगत होती, मध, मिरं, गवत. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

“काय येतंय?” तिनं विचारलं.

“टायर,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “पर लांब जळतोय.”

तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि लिंबाची बाटली पुढे केली.